पोषण आणि व्यायामशास्त्राचे संयुक्त पदव्युत्तर शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहार आणि व्यायाम यांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे संकलित केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वाचायला वेळ कमी असेल तर प्रश्न ७ आधी वाचावा, कारण सर्वांत महाग पडणारा गैरसमज त्या बाबतीतला आहे.

१. पोषण आणि व्यायाम हे दोन वेगळे विषय आहेत. मग त्यांचा एकत्र अभ्यासक्रम कशासाठी?

विद्यापीठांनी ते वेगळे केले, शरीराने नाही. योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हल्टमन या स्वीडिश संशोधकांनी १९६६ साली स्वतःवरच केलेला एक प्रयोग यासाठी आजही शिकवला जातो. एकाच व्यायाम-सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी प्रत्येकी एकाच पायाने, तो पाय पार थकेपर्यंत, पेडल मारले आणि दुसऱ्या पायाला विश्रांती दिली. त्यानंतर काही दिवस भरपूर कर्बोदकांचा आहार घेऊन त्यांनी सुईने दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे नमुने काढले, तेव्हा व्यायाम झालेल्या पायातील ग्लायकोजेनचा (स्नायूंत साठवलेल्या कर्बोदकांचा) साठा विश्रांती घेतलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला होता. अन्न तेच होते, रक्तही तेच होते. स्नायूने आधी काय केले एवढाच फरक होता. खाल्लेल्या अन्नाचे पुढे काय होणार हे व्यायामावर अवलंबून असते आणि व्यायाम किती वेळ टिकणार हे साठलेल्या अन्नावर, हा दुहेरी संबंध या अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आहे. केवळ पोषणशास्त्राच्या अभ्यासक्रमात व्यायाम बहुधा ऊर्जाखर्चाच्या एका प्रकरणात उरकला जातो आणि केवळ व्यायामशास्त्राच्या अभ्यासक्रमात आहार एखाद्या पेपरपुरता येतो. या दोहोंमधील दुवा शिकवणे हे कोणाचेच काम राहत नाही.

२. प्रत्यक्षात कोणते विषय शिकावे लागतात?

चयापचयाचे जीवरसायनशास्त्र, व्यायामाचे शरीरक्रियाशास्त्र, प्रमुख आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये, आहाराचे मूल्यमापन, शरीररचनेचे मापन, व्यायामाची मात्रा ठरवणे, संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणी असतात. त्यापुढे क्रीडापोषण, वार्धक्य, लठ्ठपणा आणि मधुमेह, वर्तनबदल असे ऐच्छिक विषय येतात. अभ्यासक्रमाची पुस्तिका पाहताना विषयांच्या नावांपेक्षा एक गोष्ट तपासावी : दोन्ही बाजू एकाच पेपरात, एकाच शिक्षकाकडून किंवा एकाच प्रकल्पात एकत्र येतात का. दोन विभागांचे जुने पेपर शेजारी मांडून तयार केलेले ‘संयुक्त’ अभ्यासक्रमही आहेत, आणि त्यांत दुवा जुळवण्याचे काम विद्यार्थ्यावरच पडते.

३. माझी पदवी वेगळ्या शाखेची आहे. प्रवेश मिळू शकेल का?

बऱ्याच ठिकाणी मिळू शकतो, मात्र पूर्वतयारीचे विषय पूर्ण केलेले असावे लागतात. सामान्यतः रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, मानवी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, पोषणाची मूलतत्त्वे आणि संख्याशास्त्र यांची अपेक्षा असते. वाणिज्य, अभियांत्रिकी किंवा मानसशास्त्राच्या पदवीधरांना हे विषय आधी स्वतंत्रपणे किंवा पहिल्या सत्रात जोडविषय म्हणून घ्यावे लागतात, आणि त्यामुळे एकूण कालावधी वाढतो. यांत जीवरसायनशास्त्र कधीही टाळू नये. ते कच्चे राहिले तर पुढचे निम्मे पेपर पाठांतराचे होऊन बसतात.

४. अभ्यासक्रम किती काळाचा असतो?

पूर्णवेळ एक ते दोन वर्षांचा. ब्रिटनमध्ये तो बहुधा १ वर्षाचा आणि १८० क्रेडिटचा असतो. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्ण वर्षाला ६० क्रेडिट धरले जातात व एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. अमेरिकेत ३० ते ३६ सत्र-क्रेडिट आणि दोन वर्षे ही सर्वसाधारण रचना आहे. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात व्यावसायिक नोंदणीसाठी लागणारे प्रात्यक्षिकाचे तास क्वचितच मावतात, याचा विचार प्रश्न ७ च्या उत्तरासह करावा.

५. माझे गणित कच्चे आहे. संख्याशास्त्र खरोखरच इतके लागते का?

लागते, पण अवघड गणित म्हणून नव्हे. मोजमापावर किती विश्वास ठेवावा हे कळण्यासाठी. ‘ऊर्जा-उपलब्धता’ ही या शाखेतील एक मध्यवर्ती संकल्पना आहे : दिवसभरात घेतलेल्या ऊर्जेतून व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा करायची आणि उरलेल्या ऊर्जेला शरीराच्या मेदविरहित वजनाने भागायचे. समजा, एका धावपटू स्त्रीच्या आहारनोंदीत २,२५० किलोकॅलरी आहेत, व्यायामाचा खर्च ८०० आहे आणि मेदविरहित वजन ५० किलो आहे. उत्तर दर किलोमागे २९ किलोकॅलरी येते. सर्वत्र उद्धृत होणारी धोक्याची मर्यादा ३० आहे, म्हणजे ही स्त्री धोक्याच्या क्षेत्रात गेली. आता असे धरू की तिच्या हातून खाण्याच्या नोंदी केवळ १० टक्के कमी झाल्या आणि प्रत्यक्ष आहार २,५०० किलोकॅलरींचा होता. तेव्हा तेच उत्तर ३४ होते. आहारनोंदींत प्रत्यक्षाहून कमी लिहिले जाणे हा अपवाद नसून नेहमीचा अनुभव आहे. शिवाय ३० ही मर्यादा मुळात नियमित मासिक पाळी असलेल्या, व्यायाम न करणाऱ्या तरुण स्त्रियांवरील अल्पकालीन प्रयोगांतून आली. ती पुरुषांना किंवा प्रत्येक खेळाडूला जशीच्या तशी लावता येत नाही. हे सारे भागाकार आणि शेकडेवारीने समजते. ज्याला हा हिशेब समजून घेण्यात रस आहे, त्याला संख्याशास्त्र जड जात नाही.

६. प्रयोगशाळेत काय काय करावे लागते?

श्वासातील वायूंचे विश्लेषण हे पहिले कौशल्य. ट्रेडमिल किंवा व्यायाम-सायकलवरील व्यक्तीने घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजून शरीर किती ऊर्जा खर्च करते आणि ती कोणत्या इंधनातून येते याचा अंदाज बांधला जातो. या दोन वायूंचे गुणोत्तर ०.७ च्या आसपास असेल तर मुख्यतः मेद जळतो आणि १.० च्या आसपास असेल तर कर्बोदके. मात्र तीव्र व्यायामात हे गुणोत्तर १ च्या वर जाते, कारण रक्तातील आम्ल निष्प्रभ होताना जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या क्षणी हा आकडा इंधनाबद्दल काही सांगत नाही. यंत्र मात्र आकडा दाखवतच राहते. यंत्राचा आकडा केव्हा वाचायचा नाही हे कळणे हेच पदव्युत्तर प्रशिक्षण, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

याशिवाय ३० सेकंदांची विंगेट चाचणी (सायकलवर पूर्ण जोर लावून घेतली जाणारी), रक्तातील लॅक्टेट (तीव्र व्यायामात वाढणारे द्रव्य) व ग्लुकोजचे मापन, कॅलिपरने त्वचेच्या घडीची जाडी मोजणे आणि डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी शरीरातील मेद, स्नायू व हाडे मोजणे) या गोष्टी शिकवल्या जातात. प्रत्येकीला स्वतःच्या मर्यादा आहेत. उदाहरणार्थ, स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते, त्यामुळे भरपूर कर्बोदके खाऊन आलेल्या व्यक्तीचे स्कॅनमध्ये ‘स्नायू वाढलेले’ दिसू शकतात, जे खरे तर साठवलेले इंधन आणि पाणी असते. मुक्त जीवनातील ऊर्जाखर्च मोजण्याची सर्वांत विश्वासार्ह पद्धत म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड समस्थानिके असलेले पाणी पाजून पुढील काही दिवस लघवीचे नमुने तपासणे. ती महाग असल्याने बहुतेक विद्यार्थी ती केवळ वाचून शिकतात. स्नायूंची बायोप्सी मोजक्याच प्रयोगशाळांत होते आणि तेथेही नमुना काढण्याचे काम त्यासाठी प्रशिक्षित व्यक्तीच करते.

७. ही पदवी मिळाली की मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करू शकेन ना?

केवळ पदवीच्या जोरावर, बहुतेक देशांत, नाही. पदवी ही विद्यापीठाची पावती आहे. व्यवसायाची परवानगी वेगळी संस्था देते आणि तिचे निकष वेगळे असतात. अमेरिकेत नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेला बसण्यासाठी १ जानेवारी २०२४ पासून पदव्युत्तर पदवी अनिवार्य झाली, हे खरे आहे. परंतु त्यासोबत मान्यताप्राप्त आहारशास्त्राचा अभ्यासक्रम आणि किमान १,००० तासांचे पर्यवेक्षित प्रात्यक्षिकही लागते. जो संयुक्त अभ्यासक्रम त्या मान्यतेच्या कक्षेत येत नाही, तो पूर्ण करणाऱ्याच्या हाती पदव्युत्तर पदवी असते, पण परीक्षेला बसण्याची पात्रता नसते. ब्रिटनमध्ये ‘डायटिशियन’ हे नाव कायद्याने संरक्षित असून ते वापरण्यासाठी वैधानिक नोंदणी लागते. ‘न्यूट्रिशनिस्ट’ या नावाला तसे संरक्षण नाही, तरीही क्रीडा आणि व्यायामपोषणासाठी तेथे स्वतंत्र ऐच्छिक नोंदवही आहे आणि चांगल्या नोकऱ्या तिच्याकडे पाहतात.

माहितीपत्रकातील ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावरून बरीच दिशाभूल होते. मान्यता विद्यापीठाला आहे, अभ्यासक्रमाला आहे, की व्यावसायिक नोंदणीसाठी आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरे लेखी मिळवावीत. तिसऱ्याचे उत्तर विद्यापीठाकडून घेण्याऐवजी नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या यादीतच पाहावे. अर्ज करण्यापूर्वी ज्या पदावर काम करायचे आहे त्या पदाच्या पात्रतेपासून मागे येत अभ्यासक्रम निवडणे हाच शहाणपणाचा क्रम आहे. आधी अभ्यासक्रम आणि मग परवान्याचा शोध, या क्रमाने गेलेल्यांना अनेकदा आणखी एखाद्या वर्षाचे शुल्क मोजावे लागते.

८. व्यायामाच्या बाजूची प्रमाणपत्रे घेणे उपयोगाचे आहे का?

होय, आणि ती तुलनेने सुलभ आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ही १९५४ साली स्थापन झालेली संस्था व्यायाम-शरीरक्रियाशास्त्रज्ञांसाठी परीक्षा घेते. तिच्या वैद्यकीय स्तरावरील प्रमाणपत्रासाठी शिक्षणासोबत रुग्णांबरोबर केलेल्या कामाचे तासही दाखवावे लागतात. क्रीडा आहारशास्त्राचे तज्ज्ञ-प्रमाणपत्र मात्र आधी नोंदणीकृत आहारतज्ज्ञ झालेल्यांनाच मिळते, म्हणून ते प्रश्न ७ मधील टप्पा ओलांडल्यानंतरचे पाऊल आहे. चार दिवसांच्या कार्यशाळेत मिळणाऱ्या प्रमाणपत्रांची गणना यांत करू नये.

९. प्रबंधाचा पर्याय घ्यावा की प्रात्यक्षिकाचा?

संशोधनात किंवा अध्यापनात जायचे असेल तर प्रबंध घ्यावा. थेट व्यक्तींसोबत काम करायचे असेल तर प्रात्यक्षिक. प्रबंधाचा विषय लहान ठेवावा. मानवी सहभागी असलेल्या प्रत्येक अभ्यासाला नैतिकता समितीची परवानगी लागते, सहभागी मिळवणे अपेक्षेपेक्षा नेहमीच सावकाश होते, आणि आहार व व्यायाम दोन्ही नियंत्रित करणारा प्रयोग एका वर्षात संपवणे हे अनुभवी गटालाही कठीण जाते. त्यामुळे मार्गदर्शकाकडे चालू असलेल्या मोठ्या अभ्यासाचा एखादा भाग, किंवा आधी गोळा झालेल्या माहितीचे नवे विश्लेषण, घेण्यात कमीपणा मानू नये.

१०. हे शिक्षण फक्त खेळाडूंबरोबर काम करण्यासाठीच आहे का?

उलट, उच्चस्तरीय खेळाडूंबरोबरच्या पूर्णवेळ नोकऱ्या थोड्या आहेत आणि त्यांच्यासाठी स्पर्धा तीव्र आहे. बहुसंख्य काम मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकारानंतरचे पुनर्वसन, कर्करोगाच्या उपचारांतील स्नायूक्षय आणि वार्धक्य या क्षेत्रांत आहे. अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंधक चाचणीत, जिचे निष्कर्ष २००२ साली आले, ३,२३४ सहभागी होते. वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम या उद्दिष्टांच्या जीवनशैली-गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटले.

तथापि ‘दोन्ही एकत्र केले की परिणाम दुप्पट’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. चीनमधील दाछिंग येथे १९८६ साली सुरू झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५७७ व्यक्तींची विभागणी आहार, व्यायाम, दोन्ही आणि तुलनेसाठीचा गट अशी केली होती. सहा वर्षांनंतर मधुमेहाचा धोका केवळ आहाराच्या गटात ३१ टक्क्यांनी, केवळ व्यायामाच्या गटात ४६ टक्क्यांनी आणि दोन्हींच्या गटात ४२ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. बेरीज झाली नाही. दोन सूचना एकत्र पाळणे माणसाला अधिक जड जाते का, दोन्हींचा परिणाम शरीरातील एकाच मार्गाने होतो का, की गटच लहान होते, असे प्रश्न येथून सुरू होतात. या शाखेत येऊ पाहणाऱ्याने हे तीन आकडे शेजारी ठेवून अस्वस्थ व्हायला हरकत नाही.

११. पूरक पदार्थांबद्दल शिकवतात का? पुढे ते सुचवता येतील का?

शिकवतात, आणि अपेक्षेपेक्षा बरेच संयमाने. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०१८ सालच्या सहमतीपत्रकात, थेट कामगिरी सुधारण्याबाबत चांगला पुरावा असलेली मोजकीच नावे आहेत : कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अॅलनिन आणि सोडियम बायकार्बोनेट. बाजारातील डब्यांची संख्या आणि ही यादी यांतील अंतर लक्षात ठेवावे. उत्तेजक-विरोधी नियमांनुसार खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले तर जबाबदारी खेळाडूचीच असते, मग ते भेसळीतून आलेले असले तरी. त्यामुळे शिफारस करणाऱ्यानेही उत्पादनाच्या त्या विशिष्ट बॅचची स्वतंत्र तपासणी झाली आहे का हे पाहणे अपेक्षित आहे. निषिद्ध द्रव्यांची यादी दरवर्षी बदलते. कॅफिन २००४ साली तिच्यातून वगळले गेले. जुन्या पुस्तकावरून सल्ला देणे का टाळावे याचे हे सोपे उदाहरण आहे. रुग्णांना पूरके सुचवण्याचा अधिकार हा परवान्याचा प्रश्न आहे, पदवीचा नाही.

१२. ऑनलाइन अभ्यासक्रम चालेल का?

सिद्धान्तासाठी चालेल, प्रश्न ६ मधील कौशल्यांसाठी नाही. काही अभ्यासक्रम अल्पकाळाच्या निवासी सत्रांत प्रयोगशाळेचे काम पूर्ण करून घेतात आणि नोकरी सांभाळणाऱ्यांना तो मध्यममार्ग सोयीचा पडतो. नोंदणी करणारी संस्था दूरस्थ पदवी स्वीकारते का, हे मात्र आधीच विचारून घ्यावे.

१३. मी कधीच कोणता खेळ खेळलेलो नाही. त्याने काही अडते का?

नाही.

१४. माझे स्वतःचे खाण्याशी नाते पूर्वी बिघडलेले होते. हा विषय घ्यावा का?

हा प्रश्न पुष्कळजण संकोचाने विचारतात. या शाखेत वजन, शरीररचना आणि खाल्लेल्या प्रत्येक घासाची नोंद यांच्याशी रोज संबंध येतो, आणि प्रात्यक्षिकात विद्यार्थी अनेकदा एकमेकांवरच मापने करतात. पूर्वीच्या आजारातून बाहेर पडलेल्या व्यक्तीला हे सोसण्यासारखे आहे का, याचा निर्णय तिने स्वतःच्या उपचारतज्ज्ञाशी बोलून घ्यावा. नियम म्हणून ‘येऊ नये’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रवेशानंतर आपली मापने न देण्याची किंवा आहारनोंदीसाठी काल्पनिक व्यक्तीची माहिती वापरण्याची मुभा मागता येते, आणि समंजस विभाग ती कारण न विचारता देतात. अशी मुभा आहे का, हे प्रवेशापूर्वीच सर्वसाधारण प्रश्न म्हणून विचारता येईल. त्रास सध्या चालू असेल तर मात्र आधी उपचार आणि नंतर प्रवेश हाच क्रम योग्य.

१५. एका देशात शिकून दुसऱ्या देशात काम करता येते का?

संशोधनात सहज, व्यवसायात क्वचितच थेट. परवाना सीमेबरोबर संपतो. दुसऱ्या देशातील संस्था अभ्यासक्रमाची तुलना करते आणि कमी पडणारे विषय, प्रात्यक्षिकाचे तास किंवा परीक्षा यांची मागणी करते. म्हणून प्रत्येक पेपरचा तपशीलवार अभ्यासक्रम आणि प्रात्यक्षिकाच्या तासांची स्वाक्षरी असलेली नोंद शिकत असतानाच जमा करावी; काही वर्षांनी विभागाकडे ती मागितल्यास मिळेलच असे नाही.

१६. मी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट आहे. मला याचा उपयोग होईल का?

होईल, आणि परवान्याची अडचणही कमी असेल, कारण आपला मूळ व्यवसाय आधीच नोंदणीकृत आहे. तरी मूळ परवान्याच्या कक्षेत आहारोपचार कितपत बसतो हे तपासावे. वैद्यकीय पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र सोपे जाते. त्यांना अवघड जाते ते आहाराचे मूल्यमापन, कारण तेथे अहवाल येत नाही, समोरच्याशी बोलावे लागते.

१७. माझ्याकडे पोषणशास्त्राची पदव्युत्तर पदवी आधीच आहे. आता ही दुसरी घ्यावी का?

बहुतेक वेळा घेऊ नये. नोंदणी झालेली असेल तर व्यायामाच्या बाजूचे एखादे मान्य प्रमाणपत्र (प्रश्न ८), शरीरक्रियाशास्त्राचे दोन-तीन स्वतंत्र पेपर आणि एखाद्या प्रयोगशाळेत काही महिन्यांचे काम यांतून तेच साध्य होते. दूरस्थ पद्धतीने दिली जाणारी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची क्रीडापोषण पदविका हाही एक मार्ग आहे, मात्र तिने कोणताही परवाना मिळत नाही. अपवाद दोनच : पहिल्या पदवीत संशोधन अजिबात झालेले नसेल आणि पीएच.डी.चा विचार असेल, किंवा पहिली पदवी नोंदणीस पात्र नसेल आणि दुसरी निश्चितपणे पात्र असेल. पहिल्या अपवादातही, अनेक विद्यापीठे दुसऱ्या पदव्युत्तर पदवीऐवजी थेट पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात कमी पडणारे पेपर करू देतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी संभाव्य मार्गदर्शकाला एक पत्र लिहून विचारावे.